सदतीस नंबरची चौकशी

“मॅडम, मोबाइल खाली.”

गौतमनं योगिनीला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. पुढे जे घडलं त्याच्या मानानं फारच कोरडं… पण त्याला इलाज नाही, तो बोललाच तसं.

योगिनी तेव्हा शहराबाहेर, शामीरपेटच्या पलीकडच्या एका लाल, खडकाळ माळावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीआड वाकून एका जुन्या येझदीचा फोटो काढत होती. गाडीच्या पुढच्या पत्र्यावर ३७ हा आकडा होता. ती दचकून सरळ झाली. समोर एक उंच तरुण उभा होता. कोपरापर्यंत ऑइलनं काळा झालेला, आणि लोक गळ्यात ताईत घालतात तसा त्याच्या गळ्यात दोरीला बांधलेला एक लोहचुंबक.

“कुठल्या टीमनं पाठवलं?”

“कसली टीम? मी एकटीच आलेय.”

“हौ. सगळे हेच म्हणतात.”

त्याचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. जानेवारीतल्या त्या रविवारी तिथं जुन्या मोटारसायकलींची शर्यत होती. गाडी १९९०च्या आधीची हवी, रस्ता मुळीच नको. खड्डे, उतार, दगड आणि धूळ यांच्यावरून आठ फेऱ्या. ज्या गाड्यांवर एरवी घरच्या कोंबड्या बसतात त्या गाड्या घासूनपुसून इथं आणल्या जात, आणि त्यांचे मालक लग्नातल्या वरबापासारखे छाती काढून फिरत. गौतम तपासनीस होता. गाडी खरंच जुनी आहे की जुन्या टाकीखाली कुणी नवं इंजिन दडवलंय, हे शोधायचं. थोडक्यात, संशय घेणं हे त्याचं अधिकृत काम होतं. आणि एकमेकांच्या इंजिनांचे चोरून फोटो काढून तक्रारी करायच्या, ही तिथली जुनी रीत.

“शर्यत संपेपर्यंत तुम्ही माझ्या टेबलापाशी बसणार,” तो म्हणाला.

“आणि नाही बसले तर?”

“तर मोबाइल बसेल. तुम्ही उभ्या राहा.”

ती बसली. छत्रीखाली एक लोखंडी टेबल होतं. त्यावर तपासणीच्या कागदांचा गठ्ठा, टॉर्च, दाढीचा छोटा आरसा आणि केस पिंजारलेला एक जुना टूथब्रश.

“हा कशाला?”

“शेवटी लागतो,” तो म्हणाला आणि पुढं काही सांगेना. योगिनीनं पर्समधून एक छोटी वही काढली आणि त्यात लिहिलं. टूथब्रश – उत्तर टाळलं.

आता हे सांगायलाच हवं, की संशय घेण्यात योगिनीही काही कच्ची नव्हती. एका विमा कंपनीत ती दावे तपासायची. आजारी नसलेल्या माणसांची हॉस्पिटलची बिलं तिच्या टेबलावरून जात, आणि बहुतेक परत येत. पण आजचं काम ऑफिसचं नव्हतं, घरचं होतं. धाकट्या बहिणीला, राणीला, हर्षवर्धन नावाच्या मुलाचं स्थळ आलं होतं. मुलगा पाहायला आला, पोहे खाल्ले, दर रविवारी काय करता असं विचारल्यावर म्हणाला, “कोठीच्या बाजारात जातो, जुनी पुस्तकं बघायला.” आई सत्यवतीबाई खूश झाल्या. वडील नामदेवराव तर इतके खूश झाले, की त्यांनी स्वतःच्या बशीतला लाडू त्याला दिला. योगिनी तेवढी दाराशी गेली आणि तिनं त्याचे बूट उचलून पाहिले. शिवणीत लाल माती.

कोठीत धूळ असते, गर्दी असते, पानाच्या पिचकाऱ्या असतात. लाल माती नसते.

स्थळाला उत्तर आज दुपारी चारपर्यंत द्यायचं होतं. सकाळी राणी नेहमीप्रमाणे दिलसुखनगरच्या कोचिंग सेंटरमध्ये रविवारचा जादा तास घ्यायला निघून गेली, आणि योगिनी तिचा हिरवा केसांचा रबर शोधत बसली. सापडला नाही. कामवालीचा थोडा संशय घेऊन बाराच्या सुमारास ती तशीच मोकळ्या केसांनी स्कूटरवर बसली, आणि मलकपेटच्या त्याच्या घरापासून हर्षवर्धनच्या मागं मागं या माळावर येऊन पोचली.

“वही बघू,” गौतम म्हणाला.

“खासगी आहे.”

“माझ्या टूथब्रशबद्दल लिहिलंत. आता खासगी नाही राहिली.”

त्यानं वही घेतली आणि डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर फोडत वाचायला लागला. “बू…ट. ला…ल मा…ती. न…जर खाली.”

“मराठी वाचता येत नाही तुम्हाला?”

“येतं. हळू येतं. शाळा तेलुगू, दोस्त उर्दू बोलणारे, आई मराठी. आई वाचायला कुठं देत होती? नुसती ओरडायची.” तो पुन्हा वहीत शिरला. “‘चहात साखर दोन चमचे. ह…सतो. कारण?’ … हसायला कारण लागतं?”

“चौकशीत लागतं.”

“मग आत्ता मी हसलो, तेही लिहा.”

“लिहीन. कारण सांगा.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं… कारण सांगितलं नाही. पान उलटलं. पुढच्या पानावर काय वाचलं कुणास ठाऊक, एकदम थबकला. टेबलावरची स्पर्धकांची यादी त्यानं उलटी करून ठेवली, वर टॉर्च ठेवला, आणि उठला.

“चहा सांगून येतो. हलू नका.”

दहा मिनिटांनी तो आला. हातात चहा नव्हता, तिखट-मीठ लावलेले दोन पेरू होते. योगिनीनं पेरू घेतला आणि लिहिलं. चहाला गेला, पेरू घेऊन आला – संशयास्पद.

पेरू मात्र गोड होता.

*

पुढचा तासभर एकामागून एक गाड्या तपासायला येत होत्या. योगिनी बघत राहिली. त्याला बघत नव्हती, त्याचं काम बघत होती… असं तिनं स्वतःला दोनदा बजावलं. तो गाडीपाशी गुडघ्यांवर बसायचा, आरसा इंजिनखाली धरायचा, चेसिसच्या नंबरावर टॉर्च मारायचा. मग गळ्यातला चुंबक टाकीवरून हळूहळू फिरवायचा, डॉक्टर छातीवरून नळी फिरवतो तसा.

“इकडं या,” त्यानं एकदा हाक मारली. तिच्या हातात चुंबक दिला. “फिरवा.”

टाकी लालचुटुक, नवी कोरी दिसत होती. चुंबक खट्‌ खट्‌ करत चिकटत गेला आणि एका जागी अचानक सुटला.

“इथं पकडत नाही.”

“खाली पत्रा नाही. पुट्टी आहे. कधीतरी आपटली असणार, खड्डा पडला, भरला, वरून रंग मारला.”

“मग ही बाद?”

“नक्को, नक्को. ह्यानं कागदावर लिहून दिलंय, इथं दुरुस्ती आहे म्हणून. जाहीर केलेली दुरुस्ती चालते. लपवलेली नाही चालत.”

योगिनीनं चुंबक परत केला नाही. दोन बोटांत फिरवत राहिली. दूरवर कुणीतरी किक मारत होतं. गाडी खोकायची, बंद पडायची, पुन्हा खोकायची. जळक्या ऑइलचा निळा धूर वाऱ्यावर त्यांच्यापर्यंत येत होता.

“माणसांना लावता येतो हा?”

“माणसांत पुट्टी सगळ्यांतच असते, मॅडम. थोडीफार.”

“योगिनी,” ती म्हणाली.

“कळलं. वहीवर लिहिलंय.”

“वाचता आलं?”

“सगळ्यात आधी तेच वाचलं.”

ती खाली बघायला लागली. स्वतःच्याच चपलांकडे. चपला लाल झाल्या होत्या.

“दोन वर्षांपूर्वी माझं लग्न मोडलं,” ती एकदम म्हणाली. का म्हणाली, ते तिलाही कळलं नाही. “चार जणांनी चौकशी केली होती. चौघं म्हणाले, मुलगा सोन्यासारखा. आठ दिवस आधी कळलं, पुण्यात त्याची बायको आहे. तेव्हापासून चौकशी मी स्वतः करते. बुटांपासून.” तिनं चुंबक मुठीत मिटला. “जाहीर केलं. चालेल?”

“चालेल,” तो म्हणाला. हसला नाही. बरं वाटलं तिला.

मग तोही म्हणाला, “माझंही लिहून घ्या. गौतम सोनकांबळे. बाप रेल्वेत होता, आम्ही मूळचे बिलोलीकडचे. एरवी लिफ्ट दुरुस्त करतो. आता पुढचा प्रश्न विचारायचा असेल तर विचारा.”

“कुठला?”

“गाव आणि आडनाव कळल्यावर लोकांचा आवाज बदलतो… तो.”

योगिनीनं वहीची पानं चाळली. “होता रकाना,” ती सावकाश म्हणाली. “गेल्या वेळी त्या रकान्यात सगळं जुळलं होतं. अगदी आजोळापर्यंत. बाकी सगळं खोटं निघालं.” तिनं वही मिटली. “आमच्या घरी तो रकाना अजून आहे, हे तुम्हाला सांगून ठेवते.”

“हेही जाहीर?”

“हेही जाहीर.”

त्यानं पेरूचा उरलेला तुकडा तिच्यापुढं सरकवला. तिनं घेतला.

*

आणि तेवढ्यात तिला तो दिसला. हर्षवर्धन! पलीकडच्या दोरीपाशी, सदतीस नंबरच्या येझदीजवळ, हातात पाना घेऊन. शेजारी स्वार उभा होता. अंगात फुगीर जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर धूळ अडवणारा मोठा चष्मा. पण चण बारीक. फारच बारीक. हर्षवर्धननं वाकून त्या स्वाराच्या हेल्मेटचा पट्टा स्वतःच्या हातानं लावला. मग पट्टा लावून झाला तरी हात तिथंच…

“ती बाई आहे,” योगिनी म्हणाली.

“कोण?”

“सदतीस नंबर. नाव काय तिचं?”

गौतमनं उलट्या यादीवर कोपर ठेवलं. “स्पर्धकांची माहिती शर्यतीआधी देता येत नाही. नियम आहे.”

“आत्ता केलात का नियम?”

“जुनाच आहे,” तो म्हणाला. पण कान लाल झाले होते, आणि ते काही मातीनं नव्हते झाले.

योगिनीला सगळं समजलं. म्हणजे तसं वाटलं. कोठीची पुस्तकं, खाली नजर, विनाकारण हसू… त्या सगळ्याचा अर्थ समोर हेल्मेट घालून उभा होता. पोहे आमच्याकडे, पट्टा हिच्याकडे! राणीचा भोळा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. तिनं मोबाइल उचलला. आईला एकच शब्द सांगायचा होता. नाही.

गौतमनं मोबाइलवर हात ठेवला. म्हणजे मोबाइलवर, पण त्याखाली तिचा हात होता.

“शर्यत संपेपर्यंत थांबा.”

“कैकू?” तीही चिडून त्याच्याच बोलीत म्हणाली.

“अर्धी तपासलेली गाडी मी बाद करत नाही. म्हणून.”

“तुम्ही त्याचे दोस्त आहात.”

“हौ.”

“म्हणजे तुम्हाला सगळं माहीत आहे.”

त्यानं यादीवरचा टॉर्च उगाच सरळ केला. तिनं हात काढून घेतला. पण फोन मात्र लावला नाही. साडेतीन वाजले होते, आणि झेंडा पडला.

वीस गाड्या एकदम ओरडल्या. लाल धुळीची एक भिंत उठली आणि त्या भिंतीतून एकेक आकडा बाहेर पडायला लागला. सदतीस नंबर सहावा होता, मग पाचवा, मग चौथा. उतारावर स्वार उभी राहायची, गुडघे टाकीला घट्ट लावायची, आणि येझदी दगडांवरून बकरीसारखी उड्या मारत जायची. योगिनीला त्या बाईचा राग यायला हवा होता. तो येतही होता. पण सातव्या फेरीला तिनं तिसरा नंबर गाठला तेव्हा योगिनीच्या मुठी आपोआप वळल्या, आणि गौतमनं ते पाहिलं.

शेवटच्या वळणावर मागचं चाक सटकलं. गाडी आडवी. स्वार दोन कोलांट्या घेऊन मातीत.

“राणी!” हर्षवर्धन किंचाळत धावला.

योगिनीच्या मनात पहिल्यांदा आलं, की या लोकांनी गाड्यांना नावं दिलेली असतात. मग पडलेली स्वार उठून बसली. तिनं उलट्या हातानं नाक पुसलं. एकदा, दोनदा. परीक्षेला जाताना, इंजेक्शन घेताना, रडू आवरताना लहानपणापासून जसं पुसत आली होती तसंच. हेल्मेटखालून एक वेणी बाहेर आली होती. टोकाला हिरवा रबर.

योगिनी खुर्चीवर उभी राहिली.

“ए राणे! बसतेस काय! उचल गाडी! उचल!”

*

राणी चौथी आली. गाडी दोरीशी लावून ती बहिणीपुढं येऊन उभी राहिली. तोंडभर लाल माती, मधे फक्त दोन डोळे.

“हात-पाय?” योगिनीनं विचारलं.

“शाबूत.”

“कोचिंग क्लास?”

“अकरालाच संपतो.”

“आणि हा?”

हर्षवर्धन मागं उभा होता. नजर खाली. “दोन वर्षं झाली, अक्का,” तो पुटपुटला. “गाडी माझ्या आजोबांची आहे. मला चालवता येत नाही. हिला येते.”

“मग ते स्थळ? मध्यस्थ? पोहे?”

“आम्हीच पाठवलं मध्यस्थाला,” राणी म्हणाली. “प्रेम आहे म्हटलं असतं तर तू वही काढली असतीस. स्थळ म्हटल्यावर निदान पोहे तरी झाले.”

“मला सांगायचं नाहीस?”

राणीनं उलट्या हातानं नाक पुसलं. “तू त्या लग्नानंतर कुणावरच… अक्का, मला तुझ्या वहीत जायचं नव्हतं गं.”

योगिनीनं राणीच्या वेणीचा हिरवा रबर काढला, दातांत धरला, वेणी पुन्हा घट्ट घातली आणि रबर तिच्याच केसांना लावला. राणी तिच्या गळ्यात पडली. आता दोघीही लाल.

मग योगिनी वळली.

“तुम्हाला माहीत होतं.”

“वहीत ‘धाकटी राणी, कोचिंगमध्ये शिकवते’ वाचलं तेव्हा कळलं,” गौतम म्हणाला.

“म्हणून चहाला गेलात.”

“मी सांगितलं त्याला,” राणी मधेच म्हणाली. “अक्काला शर्यत संपेपर्यंत बसवून ठेव म्हणून. तू बघितलं असतंस तर मला गाडीवरून उतरवलं असतंस…”

“तू गप.” योगिनीचा आवाज एकदम बारीक झाला होता. “म्हणजे पेरू, चुंबक, पुट्टीच्या गोष्टी… सगळं मला बसवून ठेवायला.” तिनं मुठीतला चुंबक टेबलावर ठेवला. “तुम्ही हे जाहीर केलं नव्हतंत. तुमच्याच नियमानं काय होतं?”

“बाद,” गौतम म्हणाला.

“मग झालं तर.”

ती पर्स उचलून चालायला लागली. चार पावलं. पाच. मागून आवाज आला.

“अपील आहे!”

“काय?”

“नियमात अपील आहे. अर्ध्या तासाच्या आत, लेखी. वही द्या.”

ती थांबली. वही दिली… हात लांब करून, पाठमोरीच. तो टेबलावर वाकला आणि लिहायला लागला. इतका हळू, की तेवढ्या वेळात एका गाडीचा प्लग बदलून झाला, हर्षवर्धननं राणीच्या कोपराला पट्टी लावली, आणि तेवढ्या एका कामासाठी दोघं चौदा वेळा हसली. कारणाशिवाय. शेवटी वही परत आली. अक्षरं पहिलीतल्या मुलाची, ओळ चढावर चाललेली.

“पहिली पंधरा मिनिटं संशय. नंतरची पंधरा मिनिटं राणीनं सांगितलं म्हणून. बाकी सगळा वेळ मला कुणी सांगितलं नव्हतं. तो अस्सल आहे. तपासून घ्यावा.”

योगिनीनं ते दोनदा वाचलं. नेमकं तिसऱ्यांदा वाचत असताना मोबाइल वाजला. चारला दोन मिनिटं कमी होती.

“अगं, काय कळलं का?” सत्यवतीबाईंचा आवाज इतका मोठा होता, की फोनची तशी गरज नव्हती. “ते मध्यस्थ येऊन बसलेत. तुझे बाबा त्यांना तिसरा लाडू देतायत. काय सांगू?”

योगिनीनं राणीकडं पाहिलं. राणीनं नाकापाशी हात नेला आणि तिथंच रोखला.

“हो सांग, आई. मुलगा चांगला आहे. मी स्वतः चौकशी केली.”

राणी किंचाळली, हर्षवर्धननं तिच्या तोंडावर हात ठेवला, त्याचाही हात लाल झाला.

“बरं बाई! देव पावला. आणि कसला गलका गं तो? तू आहेस कुठं?”

समोर गौतम उभा होता. चुंबक त्यानं पुन्हा गळ्यात घातला होता. हात मागं बांधून, निकालाची वाट बघणाऱ्या स्पर्धकासारखा. दोन वर्षांत योगिनीनं कुणाला एक खोटा शब्द सांगितला नव्हता, आणि कुणाचा ऐकूनही घेतला नव्हता.

“कोठीला,” ती म्हणाली. “जुनी पुस्तकं बघतेय.”

“सापडलं काही?”

“एक बरं वाटतंय… पण चाळून बघायला वेळ लागेल. पुढच्याही रविवारी यावं लागेल बहुतेक.”

फोन ठेवला तेव्हा गौतम हसत होता. तिनं कारण विचारलं नाही. त्यानं टेबलावरचा तो पिंजारलेला टूथब्रश उचलला आणि तिच्यापुढं धरला.

“हा कशाला?”

“राणी दर रविवारी घरी जायच्या आधी मागून घेते.” त्यानं तिच्या चपलांकडं बोट दाखवलं. “शिवणीतली माती नीट काढा. तुमच्या घरी कुणीतरी बूट उचलून बघतं म्हणे.”